दंडातील बेडकुळी

तालमीत नुकता जाऊ लागलेला मुलगा पंधरा-वीस दिवसांत घरी जे पहिले प्रदर्शन मांडतो ते दंडातील बेडकुळीचे. बाही वर सारून, मूठ आवळून, कोपर दुमडून तो दंड पुढे करतो आणि धाकट्या भावंडांना ‘दाबून पाहा’ म्हणून बजावतो. कोणी तिला बेटकुळी म्हणतात, कोणी बेडकुळी. कातडीखाली दबा धरून बसलेल्या बेडकाची कल्पना ज्या कोणा अनामिकाला प्रथम सुचली, त्याची नजर मार्मिक असली पाहिजे. रोमन लोकांना हाच उंचवटा पाहून उंदराचे पिल्लू आठवले आणि युरोपातील कित्येक भाषांत स्नायूचे नाव त्या पिल्लावरून पडले. आमचा बेडूक मात्र त्या उंदराहून अधिक समयोचित ठरला. कारण ही बेडकुळी म्हणजे काय, याचा जो शोध पुढे तीनशे वर्षे चालला, तो बहुतांशी खऱ्याखुऱ्या बेडकाच्या मांडीवरच चालला.

त्या शोधाची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. धावपटूची झेप, गोलंदाजाच्या मनगटाची फिरकी, मल्लखांबावरचा तोल, हुतूतूतील पकड, या सर्वांच्या मुळाशी क्रिया एकच आहे: स्नायू आखडतो. स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. कोपर मिटायचे तर दंडाच्या पुढच्या स्नायूने ओढायचे आणि ते उघडायचे तर मागच्या स्नायूने. एवढे झाले की बाकीचे काम हाडे आणि सांधे करतात. परंतु ‘आखडतो’ म्हणजे नेमके काय होते? डोळ्यांना तर उत्तर स्पष्ट दिसते. दंड फुगतो, म्हणजे आत काहीतरी भरले जात असणार! हे उत्तर उघड होते, पटण्याजोगे होते आणि साफ चूक होते. ही हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते ती यासाठीच. आपले शरीर आपल्या अगदी जवळचे. त्याची साक्ष खोटी कशी असेल, असे प्रत्येकाला वाटते. स्नायूंच्या बाबतीत ती साक्ष एकदा नव्हे, तीन-चार वेळा खोटी ठरली आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्ट्राटस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. मज्जातंतूंच्या वाटेने एक सूक्ष्म वायू स्नायूत शिरतो, त्यामुळे स्नायू रुंदीला वाढतो आणि म्हणून लांबीला कमी होतो, असे त्याचे मत. पुढे दुसऱ्या शतकात गेलेनने मज्जातंतूंचा आणि मेंदूचा विचार पुष्कळ पुढे नेला. हा गेलेन तारुण्यात पर्गामम येथे ग्लॅडिएटरांचा, म्हणजे झुंजीत उतरणाऱ्या योद्ध्यांचा वैद्य होता. तुटलेले स्नायू आणि कंडरा त्याने जितक्या जवळून पाहिल्या तितक्या क्वचितच कोणी पाहिल्या असतील. कोणती शीर तुटली की कोणता अवयव लुळा पडतो, हे त्याला नेमके ठाऊक होते. पण मेंदूपासून स्नायूपर्यंत काहीतरी वाहत येते, ही कल्पना त्यानेही सोडली नाही. पुढे फ्रान्सच्या देकार्तने सतराव्या शतकात शरीराला यंत्र ठरवले, तेव्हाही त्या यंत्रात तोच ‘प्राणवात’ राजोद्यानातील कारंज्यांच्या पाण्यासारखा नळ्यांतून खेळत होता आणि स्नायूंना फुगवत होता. कल्पनेचे कपडे बदलले, कल्पना तीच राहिली.

तिला धक्का दिला तो हॉलंडच्या एका तरुणाने. यान स्वामरडॅम हा आम्स्टरडॅमच्या एका औषधविक्याचा मुलगा. कीटकांचे आतडे-पंख सुईच्या अग्राने उलगडून पाहण्यात त्याची उभी हयात गेली. सुमारे १६६३ साली त्याने बेडकाच्या मांडीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह कापून घेतला व काचेच्या नळीत ठेवला. नळीचे वरचे टोक केसासारखे बारीक काढलेले होते आणि त्यात रंगीत पाण्याचा एक थेंब अडकवलेला होता. युक्तिवाद अगदी सरळ होता. स्नायूत बाहेरून काही येऊन भरत असेल तर त्याचे आकारमान वाढेल, नळीतील हवा दाबली जाईल आणि थेंब वर सरकेल. त्याने मज्जातंतूला बारीक तारेने डिवचले. स्नायू आखडला. थेंब वर सरकला नाही.

आमच्या मते सबंध शरीरविज्ञानाच्या इतिहासात इतक्या अल्प खर्चात इतका मोठा समज क्वचितच पडला असेल. एक बेडूक, एक काचेची नळी, पाण्याचा एक थेंब! स्नायू जाड होतो हे खरे, पण जेवढा जाड होतो तेवढाच आखूड होतो. एकंदर आकारमान तेच राहते. कणकेचा लांबट गोळा दोन्ही टोकांनी दाबला की मधे फुगतो, तशी ही गोष्ट. मधे फुगला म्हणून कणीक वाढली, असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही.

पण या प्रयोगाचे पुढे काय झाले? स्वामरडॅमने तो छापला नाही. प्रकृती ढासळलेली, वडिलांशी पैशावरून बेबनाव, आणि मन एका धर्मपंथाकडे ओढलेले, अशा अवस्थेत १६८० साली तो वारला. त्याची हस्तलिखिते हस्ते-परहस्ते फिरत राहिली. अखेर लायडनच्या बोरहाव्ह या थोर वैद्याने ती विकत घेऊन १७३७-३८ साली प्रसिद्ध केली. मधे पाऊणशे वर्षे गेली. इंग्लंडात ग्लिसनने १६७७ साली असाच विचार मांडला होता. एका धट्ट्याकट्ट्या माणसाचा हात पाण्याने भरलेल्या काचपात्रात घालून मूठ आवळायला सांगितले, तर पाणी चढत नाही, असा त्याचा दाखला. तरीही ‘फुगवणाऱ्या वाताची’ शाळा चालूच राहिली. खुद्द बोरेलीसारखा गणिती तिच्यातून पुरता सुटला नाही.

या बोरेलीविषयी मात्र दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण खेळाडूच्या हालचालीचे गणित प्रथम मांडले ते त्याने. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ साली रोमला निघाला. हाडे म्हणजे तरफा, सांधे म्हणजे टेकू आणि स्नायू म्हणजे बळ, हा त्याचा सिद्धांत. त्यात एक विलक्षण गोष्ट निघाली. दंडाचा पुढचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून अवघ्या चार सेंटिमीटरच्या सुमारास हाडाला चिकटतो आणि तळहात तेथून बत्तीस-पस्तीस सेंटिमीटर दूर. म्हणजे हातात दहा किलोचे वजन तोलून धरायचे, तर स्नायूला सुमारे ऐंशी किलोची ओढ द्यावी लागते! बोरेलीपूर्वीच्या लोकांना वाटे, निसर्गाने शरीरात तरफा घातल्या त्या बळ वाचावे म्हणून. प्रत्यक्षात निसर्गाने बळ उधळले आणि त्याच्या बदल्यात वेग घेतला. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात आठ सेंटिमीटर जातो. गोलंदाजाच्या चेंडूला गती मिळते ती या उधळपट्टीतून.

मज्जातंतूतून वात वाहत नाही, तर मग काय वाहते? इटलीत बोलोन्या येथे गॅल्व्हानीच्या टेबलावर बेडकाचे पाय विजेच्या ठिणगीने उडाले व १७९१ साली त्याने ते जगाला सांगितले, ही कथा शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून येथे लांबवीत नाही. मात्र तिचा उत्तरार्ध सांगण्याजोगा आहे. मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजणे मनुष्याला कधीच साधणार नाही, असे एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे पंडित म्हणत असताना हेल्महोल्ट्झने १८५० साली तो बेडकाच्याच मज्जातंतूवर मोजून दाखवला. तो निघाला सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर. विजेच्या वेगाची अपेक्षा करणाऱ्यांची निराशा झाली. पण आजही शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जो धावपटू सुटतो, त्याची सुरुवात चुकीची धरतात. आवाज ऐकून, संदेश पायापर्यंत पोहोचून स्नायू आखडायला तेवढा वेळ लागायचाच, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे.

आता दुसरी खोटी साक्ष. मांस म्हणजे स्नायू. तेव्हा स्नायूने काम केले की मांस झिजते व ते भरून काढायला मांस वा तत्सम प्रथिनयुक्त अन्न खावे, हे कोणालाही पटेल. जर्मनीचा विख्यात रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४२ साली या समजुतीला शास्त्राचे वस्त्र चढवले. स्नायूच्या कामाचे जळण म्हणजे स्नायूतील प्रथिनच, असे त्याने प्रतिपादन केले आणि त्याच्या नावाच्या दबदब्यापुढे वीस-बावीस वर्षे फारसे कोणी बोलले नाही.

बोलले ते झुरिकचे दोन प्राध्यापक, शरीरशास्त्राचा फिक आणि रसायनाचा विस्लिसेनस. दोघेही डोंगर चढण्याचे शौकीन. प्रथिन जळले की त्यातील नत्र लघवीवाटे बाहेर पडतो, तेव्हा लघवीतील नत्र मोजला की किती प्रथिन जळले ते कळते, हे त्यांना ठाऊक होते. १८६५ च्या ऑगस्ट महिन्यात आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिन वर्ज्य केले. पिष्टाच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा एवढ्यावर भागवले. ३० तारखेच्या पहाटे ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून निघून ते फॉलहॉर्न नावाचे शिखर चढून गेले. चढ होता १,९५६ मीटरचा. सिंहगडावर पायथ्यापासून दोन-तीनदा चढावे एवढा. वाटेत आणि शिखरावर प्रत्येकाने आपापली बाटली भरून घेतली! प्राध्यापकांच्या या गिर्यारोहणाचे चित्र डोळ्यांपुढे आणले की आम्हांला हसू आवरत नाही. पण हिशोब पाहिला की हसू थांबते. फिकचे वजन ६६ किलो. तेव्हा केवळ स्वतःचे ओझे वर नेण्याचे काम १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर झाले. हृदयाचे ठोके, श्वास, वाकड्या वाटा यांचा हिशोब वेगळाच. आणि जळलेले प्रथिन निघाले अवघे सदतीस ग्रॅम. त्यापासून मिळणारी उष्णता इंग्लंडच्या फ्रँकलंडने मोजून दिली, तेव्हा तिने त्या कामाचा जेमतेम निम्मा भाग भरून निघत होता. उरलेले काम झाले कशावर? तळलेल्या पिष्टावर आणि साखरेवर. शिवाय चढताना थकवा जाणवला नाही, असेही दोघांनी नमूद केले आहे.

म्हणजे मांसाने मांस चालत नाही. शरीराची बांधणी करायला आणि झीज भरायला प्रथिन लागतेच. आमच्या पैलवानांचे दूध-बदाम त्या दृष्टीने वाया जात नाहीत. पण दिवसभराच्या जोर-बैठकांचे जळण येते ते भाकरीतून आणि तुपातून. याचा सुबक पुरावा पुढे शंभर वर्षांनी, १९६६ साली, स्वीडनमध्ये मिळाला. बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच स्थिर सायकलीच्या दोन्ही बाजूंना दोघे बसले. एकाने उजव्या पायाने पॅडल मारले, दुसऱ्याने डाव्या. दुसरा पाय प्रत्येकाचा विश्रांतीत. थकून जाईपर्यंत हे केल्यावर सुईने मांडीच्या स्नायूचा अल्पसा तुकडा काढून पाहिला, तर राबलेल्या पायातील साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजन म्हणतात तो, जवळजवळ संपला होता आणि विश्रांती घेतलेल्या पायातला जशास तसा होता. त्यानंतर तीन दिवस पिष्टमय अन्न खाल्ले, तेव्हा राबलेल्या पायाने पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक साठा केला. आळशी पायाने काहीच विशेष केले नाही. एकाच माणसाचे, एकाच रक्तावर पोसलेले दोन पाय! बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनपूर्वी धावपटू आज भात, बटाटे आणि पाव यांवर भर देतात, ते या दोन पायांच्या साक्षीवरून.

तिसरी साक्ष दुग्धाम्लाची. ती खोडून निघाली त्या प्रकरणात आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल या इंग्रज शास्त्रज्ञाविषयीचा आमचा आदर वाढला.

हिल मूळचा गणिती आणि हौशी धावपटू. बेडकाचा स्नायू एकदा आखडला की त्याचे तपमान अंशाच्या काही सहस्रांश भागाने वाढते. ती वाढ मोजण्याची उपकरणे त्याने रचली. थकलेल्या स्नायूत दुग्धाम्ल साठते आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होते, हे केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली दाखवले होते. हिल आणि जर्मनीचा मायरहोफ यांनी त्यावर मोठी इमारत उभी केली आणि १९२२ सालचे नोबेल पारितोषिक दोघांत वाटले गेले. हिलने मग माणसाकडे मोर्चा वळवला. पाठीवर पिशवी बांधून, तीत उच्छ्वास साठवीत, तो स्वतः मैदानाला फेऱ्या घाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९२७ साली धावपट्टीलगत तारांची वेटोळी मांडून, धावपटूच्या अंगावर लोहचुंबक बांधून, तो प्रत्येक वेटोळ्यापाशी केव्हा पोहोचला हे विद्युत्प्रवाहाने टिपले. जोरात धावताना शरीर प्राणवायूचे ‘कर्ज’ काढते आणि नंतर धापा टाकून ते फेडते, ही कल्पना त्याचीच. ती आमच्या सावकारी देशात चटकन समजावी!

या सर्व इमारतीच्या पायाशी एक गृहीत होते: दुग्धाम्ल हेच आकुंचनाचे मूळ कारण. साखरेपासून हे आम्ल उत्पन्न होते आणि त्याच्या स्पर्शाने स्नायूचे तंतू आखडतात. १९३० साली कोपनहेगनच्या लुंड्सगार्ड नावाच्या तरुण डॉक्टरने निराळ्याच कामासाठी आयोडोअ‍ॅसिटिक आम्ल प्राण्यांना टोचले. हे विष साखरेपासून दुग्धाम्ल होऊच देत नाही. सिद्धांताप्रमाणे ते स्नायू हलता कामा नयेत. पण ते आखडत होते! काही वेळ व्यवस्थित आखडले आणि मग ताठ झाले. दुग्धाम्लाचा त्यांत मागमूस नव्हता. ज्या सिद्धांतावर नोबेल पारितोषिक मिळाले त्याच्या मुळावर एका अप्रसिद्ध तरुणाने असा घाव घातला. हिलने काय केले? प्रयोग ताडून पाहिले आणि १९३२ साली एक दीर्घ लेख लिहून स्वतःच या पराभवाला ‘स्नायूशास्त्रातील क्रांती’ असे नाव दिले. आमच्या विद्वत्सभांतून असे दृश्य अधिक वेळा पाहायला मिळाले तर आम्हांला आनंद होईल.

मग खरे जळण कोणते? येथे एका भारतीयाचा संबंध येतो. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे, जन्म १८९५ चा. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेताना खादीचा वेष केल्याने एका इंग्रज अध्यापकाची इतराजी झाली, आणि पूर्ण पदवीऐवजी दुय्यम दर्जाचे प्रमाणपत्र हाती आले. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२७ साली स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ ओळखला, आणि १९२९ साली त्याच जोडीने अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, ज्याला आता शाळकरी मुलेही ‘एटीपी’ म्हणतात, ते स्नायूतून वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यानेही ते स्वतंत्रपणे शोधले होते. स्नायूचे रोख चलन ते हेच. साखर, चरबी ही कोठारातली संपत्ती. पण खर्च करताना तिचे एटीपी करूनच द्यावे लागते. स्नायूत तयार एटीपी असते दोन-तीन सेकंदांपुरते. ते संपताच फॉस्फोक्रिएटिन ते पुन्हा भरून देते आणि अशा रीतीने आठ-दहा सेकंदांची पराकाष्ठेची धाव निभावते. शंभर मीटरच्या शर्यतीत या दोन पदार्थांचा वाटा मोठा. आज व्यायामशाळांतून क्रिएटिनचे डबे विकले जातात. ते घेणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना सुब्बारावांचे नाव ठाऊक असेल? हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते एका औषध-कारखान्यात गेले, तेथे त्यांनी आणखी मोठी कामे केली आणि १९४८ साली न्यूयॉर्कला वारले.

जळण सापडले, यंत्र सापडायचे होते. १९३९ साली मॉस्कोच्या एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा या दांपत्याने दाखवले की, स्नायूतील मायोसिन नावाचे प्रथिन हेच एटीपी फोडते. म्हणजे चूल आणि यंत्र एकच! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचे सहकारी जगापासून तुटून काम करीत होते. स्ट्राऊब याने तेथे ॲक्टिन हे दुसरे प्रथिन वेगळे काढले. मायोसिन व ॲक्टिन यांचा काचेच्या बशीत ओढलेला धागा एटीपीचा थेंब पडताच आखडला. प्राण नाही, मज्जातंतू नाही, बेडूकसुद्धा नाही, आणि तरीही आकुंचन! युद्ध संपेपर्यंत जगाला याची फारशी वार्ता नव्हती.

आता शेवटचा प्रश्न उरला. हे तंतू आखडतात ते कसे? जवळजवळ सर्वांना वाटे, प्रथिनांचे लांबट रेणू घडी पडून किंवा स्प्रिंगसारखे गुंडाळून आखूड होत असावेत. अर्थात ज्याचा स्नायू आखूड होतो त्याच्या आतले काहीतरी आखूड होणारच! ही चौथी साक्ष, आणि हिच्याइतकी निर्विवाद दुसरी नव्हती. २२ मे १९५४ रोजी ‘नेचर’ साप्ताहिकात लागोपाठ दोन टिपणे आली. एक केंब्रिजच्या अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के यांचे. दुसरे अमेरिकेत काम करणाऱ्या ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचे. दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणी नव्हेत. पहिल्या जोडीने बेडकाचा एकेक जिवंत तंतू स्वतः रचलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, दुसरीने सशाच्या स्नायूतील त्याहून बारीक तंतू. दोघांनाही एकच दिसले. स्नायूतंतूवर आडवे काळे-पांढरे पट्टे असतात. तंतू आखडला की पांढरे पट्टे अरुंद होतात. काळे मात्र जसेच्या तसे राहतात. कारण तेथे जाड आणि बारीक अशा दोन प्रकारच्या काड्या आहेत, मायोसिनच्या जाड, ॲक्टिनच्या बारीक. स्नायू आखडतो तेव्हा कोणतीही काडी आखूड होत नाही. बारीक काड्या जाड काड्यांच्या मधे सरकतात, इतकेच. आगपेटीचे कवच आणि आतली पेटी: पेटी आत सरकवली की दोन्ही मिळून लांबी घटते, पुठ्ठा कोठेही आकसत नाही. गंमत अशी की, काळा पट्टा बदलत नाही हे एकोणिसाव्या शतकातील काही निरीक्षकांनी पाहून लिहून ठेवले होते. मधल्या पिढ्या ते विसरल्या.

सरकवते कोण? जाड काडीला बाजूने असंख्य बारीक मुंडकी फुटलेली असतात. एकेक मुंडके बारीक काडीला धरते, झुकून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे ओढते, सोडते आणि पुढे धरते. विहिरीतून पोहरा शेंदताना एक हात ओढतो तोवर दुसरा पुढची दोरी पकडतो. तसेच येथे आहे, फक्त हात अब्जावधी आहेत आणि ते एका वेळी सुटत नाहीत, म्हणून दोरी निसटत नाही. प्रत्येक ओढीस एक एटीपी लागते. आणि ते लागते विशेषेकरून पकड सोडण्यासाठी. एटीपी संपले की मुंडकी धरलेल्या जागीच अडकतात. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठ होतो, तो यामुळे. लुंड्सगार्डचे स्नायू अखेरीस ताठ का झाले, याचाही उलगडा येथेच होतो. या पकडीला केव्हा मोकळीक द्यायची, हे कॅल्शियम ठरवते. त्या पहारेकऱ्याचा शोध जपानच्या एबाशी यांनी १९६० नंतरच्या वर्षांत लावला.

हिशोब करून पाहावा. काड्यांचा एक संच विश्रांतीत मिलिमीटरच्या सुमारे २.२ सहस्रांशाएवढा असतो. दहा सेंटिमीटरच्या तंतूत असे पंचेचाळीस हजार संच एकापुढे एक येतात. प्रत्येक संच अर्ध्या सहस्रांशाने आत सरकला, तर सबंध तंतू सव्वादोन सेंटिमीटर आखडला आणि बोरेलीच्या तरफेने तळहात अठरा सेंटिमीटर वर आला. काड्या आत शिरल्या की दाटी होते, म्हणून दंड मधे जाड होतो. आत काही भरले नाही. स्वामरडॅमचा थेंब हलला नाही तो याचमुळे.

एक प्रकरण अजून सांगायचे आहे, कारण त्याचा संबंध आम्हां सर्वांच्या पायांशी आहे. रविवारी सिंहगड चढून-उतरून आलेला मनुष्य सोमवारी कुरकुरतो आणि मंगळवारी जिना उतरताना कठडा धरतो. व्यायामशाळेतला जाणता गडी सांगतो, ‘लॅक्टिक साठलंय.’ दुग्धाम्लाचे हे भूत हिलने सोडले तरी लोकांनी सोडलेले नाही. वस्तुतः धावणे थांबल्यावर तास-दीड तासात ते रक्तातून बहुतेक नाहीसे होते. ते टाकाऊसुद्धा नव्हे. हृदय ते जाळते, यकृत त्याची पुन्हा साखर करते. मंगळवारी दुखते ते चढल्यामुळे नव्हे, उतरल्यामुळे. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत ओढतो. उतरताना तोच स्नायू ओढत असतो, पण शरीराचा भार त्याला ताणून लांब करीत असतो.

या ताणल्या जाणाऱ्या स्नायूचा पराक्रम १९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी मौजेने दाखवला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचे, दुसऱ्याने नुसता विरोध करायचा. दोघांच्या पायांवर बळ सारखेच. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे यंत्र मांडले, तेव्हा विरोध करणाऱ्या लहानखुऱ्या ब्रेंडा बिगलंडने पॅडल मारणाऱ्या धिप्पाड रिचीला थोड्याच वेळात दमवले आणि ती स्वतः ताजी राहिली! त्याच वर्षी हेलसिंकीला आमचे खाशाबा जाधव मॅटवर उतरून कांस्यपदक घेऊन आले. प्रतिस्पर्ध्याची ओढ नुसती धरून, झेलून त्याला थकवायचे, हे तांबड्या मातीतले जुने शहाणपण या सायकलींच्या जोडीला परके वाटले नसते. लांब होताना स्नायू आखडतानापेक्षा अधिक जोर धरतो आणि जळण मात्र कमी खातो.

पण ही स्वस्ताई फुकट नसते. थोड्या मुंडक्यांवर मोठा ताण येतो, काही संच गरजेपेक्षा अधिक ताणले जातात आणि त्यांची रचना विसकटते. असे काहीतरी होत असावे, असा तर्क अमेरिकेच्या हफ याने १९०२ सालीच केला होता. १९८१ साली स्वीडनमध्ये जिने उतरवलेल्या माणसांच्या स्नायूचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा संचांच्या सीमारेषा खरोखरच विसकटलेल्या दिसल्या. त्यांची डागडुजी शरीर चार-सहा दिवसांत करते, आणि डागडुजी करताना स्नायू थोडा अधिक बळकट बांधून घेते. म्हणून ज्याचे पाय पहिल्या रविवारी दुखले त्याने पुढच्या रविवारी घरी बसू नये. तोच गड त्याच वाटेने पुन्हा उतरावा. मंगळवारी जिन्याचा कठडा धरावा लागत नाही, असे त्याचे त्यालाच आढळून येईल.